वर्ताळा

बालमित्रांनो, 'गड' म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे काय उभं राहतं? तट, बुरूज, तोफा, घोड्यावरचे मावळे! पण आमच्या बीड जिल्ह्यातले काही गड अगदी वेगळे आहेत. ते लढाईसाठी बांधलेले किल्ले नव्हेत. तिथं टाळ वाजतात, मृदंग वाजतो आणि पंगती उठतात. गहिनीनाथगड असाच आहे. आज मी तुम्हाला ज्या नारायणगडावर घेऊन जाणार आहे, तोही असाच.

नारायणगडाला आमच्याकडची माणसं 'धाकटी पंढरी' म्हणतात. आषाढी एकादशीला ज्यांना पंढरपूर गाठणं जमत नाही, ते गडावर येऊन विठ्ठलाचं दर्शन घेतात. त्या दिवशी गडावर पाय ठेवायला जागा नसते. गडाची पालखी मात्र पायी पंढरपूरला जाते आणि तिच्याबरोबर गावोगावचे वारकरी जातात. गडावर नगद नारायण महाराजांची समाधी आहे. आता गंमत अशी की, बाजारात रोख पैशालाही 'नगद नारायण' म्हणायची पद्धत आहे. त्यामुळे सहलीला आलेलं एखादं पोरगं दरवर्षी हमखास विचारतं, "सर, म्हाराजांचं नाव पैशावरून का?" मी आपला सांगतो, "अरे, नगद म्हणजे रोकडा. उधारीचा नव्हे. भक्ती असो की खरं बोलणं असो, ते उद्यावर टाकायचं नाही, जागच्या जागी द्यायचं. असं समज."

हे उत्तर द्यायला फार सोपं आहे. पण ते एकदा माझ्याच अंगाशी येता येता राहिलं. तीच हकिगत आज सांगणार आहे.

दसरा होऊन गेला होता. शनिवारची सकाळची शाळा होती. आमची शाळा गडापासून फार लांब नाही, म्हणून चौथीची पोरं घेऊन मी गडावर गेलो. दर्शन झालं, डबे खाऊन झाले. वरून खालचा मुलूख छान दिसत होता. कुठं काळी, कुठं तांबूस जमीन. फुटलेल्या कापसाचे पांढरे पट्टे आणि मध्ये मध्ये तुरीचे हिरवे तास. मी पोरांना सांगत होतो, "हे पावसाचं पाणी ओढ्याओढ्यांनी सिंदफणेला मिळतं आणि सिंदफणा पुढे गोदावरीला." सगळे बोट दाखवून ओढे शोधायला लागले. एकटा एकजण मात्र पायरीवर गुडघ्यांत मान घालून बसला होता. एरवी हा पोरगा वर्गात सगळ्यांत जास्त बोलणारा!

मी जवळ जाऊन बसलो. "काय रे, पोट दुखतंय का?"

"न्हाई सर." मग बऱ्याच वेळानं म्हणाला, "आबा सर्जाला बदलायलेत. उद्या, नेकनूरच्या बाजारात."

सर्जा म्हणजे त्यांचा बैल. त्यांची जोडी सर्जा आणि हिरा. त्याचे आई-वडील दरवर्षी ऊसतोडीला जातात. शहरातल्या मित्रांना हे कदाचित माहीत नसेल. आमच्या जिल्ह्यातली हजारो कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे घराला कुलूप लावून साखर कारखान्यांच्या मुलखात जातात. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी थेट कर्नाटकात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. मुकादमाकडून आधी पैसे घ्यायचे, त्याला 'उचल' म्हणतात. मग उन्हाळ्यापर्यंत ऊस तोडून ती फेडायची. ज्यांच्याकडे बैल असतात ते टायरच्या गाडीतून ऊस कारखान्यावर वाहतात. दीड-दोन टन ऊस भरलेली गाडी, कच्चा रस्ता आणि पहाटेची थंडी! म्हाताऱ्या बैलाचं ते काम नव्हे. सर्जा आता थकला होता. हिरा अजून दमदार होता. तेव्हा सर्जा देऊन एक तरणा बैल घ्यायचा आणि हिऱ्याशी त्याची जोड लावायची, असं आबांनी ठरवलं होतं. पोरगा स्वतः मात्र आबांजवळ राहून शाळा शिकत होता. ऊसतोडीच्या दिवसांत वर्गात किती जागा रिकाम्या पडतात ते आम्हा मास्तरांना विचारा! म्हणून असं एखादं पोरगं मागं राहिलं की मला फार बरं वाटतं.

"बदलायचा म्हणजे कसं असतं, माहीत आहे का?" मी विचारलं.

"व्हय. आपला बैल द्यायचा, त्येंचा घ्यायचा, वर पैसं द्यायचे."

"त्या वरच्या पैशाला एक छान शब्द आहे. वर्ताळा."

दोन वस्तूंची अदलाबदल करताना एक जास्त मोलाची आणि दुसरी कमी मोलाची असेल, तर मधला फरक पैशानं भरून काढायचा. तो फरक म्हणजे वर्ताळा. समजा, नवा बैल साठ हजारांचा आहे आणि तुमच्या जुन्याचे पंचवीस हजार धरले, तर वर्ताळा किती? एव्हाना आमच्याभोवती बाकीची पोरंही जमली होती. "पस्तीस हजार!" सगळे एकदम ओरडले. हा शब्द आता शहरात ऐकू येत नाही. पण व्यवहार तोच आहे. दुकानात 'जुना मोबाईल द्या, नवा घ्या' अशी पाटी असते, तिथंही तुमचे बाबा वर्ताळाच देत असतात. आजी जुना पितळी हंडा मोडीत घालून नवी भांडी आणते, तेव्हाही तेच. जुना ट्रॅक्टर देऊन नवा घेणारे शेतकरीही हेच करतात.

"सर, आनखी काय काय बदलतेत?" एका मुलीनं विचारलं.

"होडीसुद्धा बदलतात," मी म्हणालो.

पोरं हसायला लागली. होडी! आमच्या जिल्ह्यात माजलगावच्या धरणात मासे धरणारी माणसं सोडली, तर होडी बहुतेकांनी चित्रातच पाहिलेली. मग मी त्यांना पंढरपूरची गोष्ट सांगितली.

काही वर्षांपूर्वी मी पंढरपूरला गेलो होतो. भीमा नदी तिथं चंद्रकोरीसारखी वळते, म्हणून तिला चंद्रभागा म्हणतात. नदीत यात्रेकरूंना फिरवणाऱ्या होड्या असतात. कुणी त्यांत बसून विष्णुपदाला जातं, कुणी गोपाळपूरकडे. मी वाळवंटातून चाललो होतो. (पंढरपुरात नदीकाठच्या वाळूला वाळवंट म्हणतात बरं का, राजस्थानातलं नव्हे!) तिथं एक जुनी लाकडी होडी पालथी घातलेली दिसली. तिच्या पोटावर जागोजागी खडूनं पांढरे गोल काढले होते. लहान, मोठे, चांगले सात-आठ गोल. जवळच एक होडीवाले काका हातात खडू घेऊन बसले होते. खडू म्हटल्यावर मास्तराचे पाय थांबणारच!

"काका, हे काय चाललंय?"

"नवी होडी बांधायला टाकलीय," काका म्हणाले. "बांधणाराच ही जुनी घेणार हाय. हिची किंमत वजा करून वरचं पैसं मी द्यायचं."

"मग हे गोल कशाला?"

"जिथनं जिथनं पाणी येतं, तिथं तिथं गोल. ह्या फटीत दोनदा कापूस भरून डांबर मारलं, तरी झिरपतंयच. ही फळी आतनं कुजलीय. वरनं रंग हाय म्हणून दिसत नाही."

मी म्हणालो, "अहो, पण असं दाखवून दिलं तर किंमत कमी नाही का होणार?"

काका हसले. "होईल की! पण तो ही होडी दुरुस्त करून कुणाला तरी इकणार. तिच्यात उद्या कुणाची तरी लेकरं बसणार. पाणी आत यायला लागलं, म्हंजे ते इचारत न्हाई, होडी आधी कुणाची होती."

मग त्यांनी मला जुनी होडी कशी पारखतात ते दाखवलं. टोकदार टोच्या घेऊन फळीत दाबायचा. लाकूड चांगलं असेल तर टोच्या अडतो, कुजलेलं असेल तर लोण्यात गेल्यासारखा आत जातो. फळ्यांच्या सांध्यांतून बोट फिरवायचं. पालथी होडी उन्हात धरली की बारीक फट आतून उजेडाच्या रेषेसारखी दिसते. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे मालकालाच विचारायचं. होडीचं खरं दुखणं तोच जाणतो.

गडाच्या पायरीवर पोरं अगदी शांत बसून ऐकत होती. मी पुढं सांगितलं, "जुन्या वस्तूला तीन किमती असतात. पहिली मोडीची. होडी मोडली तर फळ्या आणि खिळे किती येतील, किंवा हंड्यात पितळ किती वजनाचं आहे, ती. दुसरी कामाची. म्हणजे वस्तू अजून किती दिवस चालेल, ती. तिसरी मायेची. त्या होडीत काकांचं सगळं आयुष्य गेलं होतं. पण ही तिसरी किंमत बाजारात कुणी देत नाही. ती आपल्याजवळच राहते."

"सर, मंग सर्जाची कोणती?" आमच्या दोस्तानं विचारलं.

मी जरा थांबलो. "बैलाला मोडीची किंमत नसते. तो काही हंडा नव्हे. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल कापायला कायद्यानंच बंदी आहे. तेव्हा सर्जाची किंमत त्याच्या कामाची. आणि मायेची तुझ्याजवळ."

तो काही बोलला नाही. उतरताना मात्र म्हणाला, "सर, तुमी याल का बाजारात?"

दुसऱ्या दिवशी रविवार. बीडमध्ये मला कामही होतं. नेकनूरचा बाजार आमच्या भागात नावाजलेला आहे. बीडहून सोलापूरच्या रस्त्यानं निघालं की मांजरसुंब्याचा घाट लागतो. डोंगरात जवळच कपिलधारचं ठिकाण आहे. तिथं मन्मथस्वामींची समाधी आहे आणि पावसाळ्यात मोठा धबधबा कोसळतो. मांजरसुंब्याला वळलं की पुढं नेकनूर. सर्जा टेम्पोत, त्याच्याजवळ आबा आणि नातू, आणि मागून माझी मोटारसायकल. घाट चढताना सर्जा टेम्पोत अगदी शांत उभा होता. नातवाचा हात त्याच्या वशिंडावर होता.

दोस्तांनो, जनावरांचा बाजार तुम्ही एकदा तरी बघायला हवा. धूळ, हंबरणं, चहाच्या गाड्या, कासरे आणि घुंगरमाळा विकणारे. शिंगं रंगवलेले बैल रांगेनं उभे. जनावरांचे व्यापारी, त्यांना 'हेडी' म्हणतात, ते एका नजरेत बैल ओळखतात. पण नुसत्या नजरेवर सौदा होत नाही. आधी दात बघतात. बैलाला वरच्या जबड्यात पुढचे दातच नसतात! खालचे आठ असतात. वासराचे दुधाचे दात पडून पक्के दात जोडीजोडीनं येतात. साधारण दोन-अडीच वर्षांचा झाला की पहिली जोडी येते, मग तो 'दोन दाती'. पुढं 'चार दाती', 'सहा दाती', आणि पाच वर्षांच्या सुमाराला आठही आले की बैल 'जुळला' म्हणतात. त्यानंतर दात झिजत जातात, त्यावरून वय ओळखायचं. बैल आपला जन्मदाखला तोंडातच घेऊन फिरतो म्हणा ना! आता कानात पिवळा बिल्लाही असतो. त्यावर बारा आकडी क्रमांक असतो.

दातांनंतर खूर बघतात. मानेवर जुवानं जखम झाली आहे का ते बघतात. चार पावलं चालवून लंगडतो का ते बघतात. आणि किंमत ठरवायची ती तोंडानं नाही! दोघं हातात हात घेतात, त्यावर उपरणं टाकतात आणि आत बोटं दाबून आकडा सांगतात. बाजूला उभ्या असलेल्याला काही कळत नाही. आमचा दोस्त उपरण्याखाली वाकून बघायला लागला, तसे सगळे हसले.

एका हेडीजवळ पांढराशुभ्र, जुळलेला, उमदा बैल होता. आबांना तो पसंत पडला. त्याची किंमत अठ्ठावन्न हजार. सर्जाचे दात बघितले, खूर बघितले, चालवून बघितलं. सव्वीस हजार धरायला हेडी तयार झाला. वर्ताळा बत्तीस हजार. उचलीच्या पैशांत नेमकं बसत होतं. आबांचा चेहरा खुलला.

सौदा पक्का करताना हेडीनं सहज विचारलं, "बैलाला काही खोड हाय का, आबा?"

आबा क्षणभर गप्प राहिले. फार नाही, एक श्वास घेण्याइतकेच. शेजारी उभ्या असलेल्या एका ओळखीच्या माणसानं आबांच्या पाठीला हलकेच बोट लावलं. म्हणजे, बोलू नका. आणि तेवढ्यात आमचा दोस्त मोठ्यानं म्हणाला,

"सर्जा पाण्यात उतरत न्हाई!"

सगळे गप्प. पोरगा थांबला नाही. "लहानपणी पुरात चिखलात रुतला व्हता. तवापासून वढ्याच्या पाण्यात पाय घालत न्हाई. कितीबी मारलं तरी न्हाई."

हेडीनं सर्जाकडे पुन्हा पाहिलं. "मग अठराच्या वर नाही धरत. वर्ताळा चाळीस." चाळीस हजार आबांजवळ नव्हतेच. सौदा मोडला.

खरं सांगतो मित्रांनो, मला त्या वेळी जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. पोराला खडूच्या गोलांची गोष्ट कुणी सांगितली होती? मी! माझा पगार महिन्याच्या महिन्याला होतो. या माणसांना मात्र त्या पैशांसाठी ऊस तोडायचा होता. गोष्ट सांगायला माझं काय गेलं होतं? मी आबांजवळ जाऊन म्हणालो, "आबा, चूक माझी आहे. मीच काल काहीतरी सांगत बसलो."

नातू डोळे पुसत म्हणाला, "आबा, मी खडूचा गोल केला."

आबांना त्यातलं काही कळलं नाही. मी थोडक्यात होडीची गोष्ट सांगितली. आबांनी ऐकून घेतली. मग नातवाकडे बघून म्हणाले, "तू का बोललास? सर्जा जाऊ नये म्हनून, का खरं म्हनून?"

पोरगा बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं माती उकरत राहिला. "दोन्हीबी," तो म्हणाला.

आबा हसले. "खरं हाय. मलाबी दोन्ही वाटलं व्हतं. पर मी गप ऱ्हायलो." आणि मला म्हणाले, "गुर्जी, तुमी कशाला वाईट वाटून घेता? न सांगता दिला असता, तर नवा मालक त्याला वढ्यावर न्हेला असता. सर्जा थांबला असता, आन त्यानं त्याला मार मार मारला असता. बैलाला काय सांगता येतंय का, मला भ्या वाटतं म्हनून? त्याच्या वतीनं कुनीतरी सांगाया पायजे."

मी गप्प झालो. मी पोरांना सांगितलं होतं की, दोष लपवला तर घेणाऱ्याचं नुकसान होतं. पण तो ज्याचा लपवतो त्याचंही नुकसान होतं, हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. होडीला मार लागत नाही. बैलाला लागतो.

आम्ही चहा प्यायलो आणि पुन्हा बाजारात हिंडायला लागलो. ऊन चढलं. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली. प्रत्येक ठिकाणी आबा आधीच सांगायचे, "पान्याला भितो बरं का." काहीजण लगेच पाठ फिरवायचे.

मग एक शेतकरी भेटला. माळावर त्याची वस्ती होती, थोडीशी कोरडवाहू जमीन. घरच्या गाईचे दोन खोंड त्यानं वाढवले होते. दोघेही सहा दाती, दोघेही अंगानं भरलेले आणि दोघेही अल्लड. जू ओळखत होते, पण औताला धरले की एक इकडं ओढायचा, एक तिकडं. नव्या बैलाला शिकवायची जुनी रीत म्हणजे त्याला जाणत्या बैलाशेजारी जुंपायचं. जाणता चालतो तसा तो चालायला शिकतो. या माणसाला नेमका तसाच एक जाणता, शांत बैल हवा होता. म्हणून दोन खोंडांपैकी एक द्यायला तो तयार होता. आबांकडे हिरा होताच. हिऱ्याशेजारी तो खोंड महिनाभर गाडीला चालवला की तयार होणार होता.

"पान्याला भितो," आबांनी पहिल्यांदाच सांगितलं.

"आमच्या माळावर वढा कुटं हाय!" तो माणूस म्हणाला. "पाऊस पडंल तवाच पानी दिसतं."

पुन्हा उपरणं पडलं. पुन्हा बोटं दाबली. खोंडाचे पंचावन्न हजार, सर्जाचे वीस हजार. वर्ताळा पस्तीस हजार. मघाच्या सौद्यापेक्षा तीन हजार जास्त. आबांनी पावती केली आणि खिशातल्या शेवटच्या नोटासुद्धा मोजून दिल्या. टेम्पोचं भाडं कमी पडलं. ते मी दिलं. (आबांनी ते पुढच्याच आठवड्यात शाळेत आणून दिलं. घ्यावंच लागलं.)

सर्जाचा कासरा त्या शेतकऱ्याच्या हातात द्यायची वेळ आली. आमच्या दोस्तानं सर्जाच्या कानामागं खाजवलं. तिथं खाजवलेलं सर्जाला आवडतं, असंही त्यानं नव्या मालकाला सांगून टाकलं. "आन पेंड कोरडी खात न्हाई, भिजवून द्यावी लागती. आन डाव्या अंगाला जुंपा, उजव्या अंगाला चालत न्हाई." एकेक गोल काढत होता जणू! तो शेतकरी सगळं नीट ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "बाळा, इतकं तर मला माझ्या जावयाचंबी ठावं न्हाई." आणि रडता रडता पोरगा हसला.

दिवाळी झाली. आई-वडील हिरा आणि नवा खोंड घेऊन कारखान्यावर गेले. वर्गातल्या सहा जागा रिकाम्या झाल्या. कार्तिकी एकादशीला मी पुन्हा गडावर गेलो, तेव्हा आबा आणि नातूही दर्शनाला आले होते. योगायोग बघा, मंडपाच्या कडेला तोच माळावरचा शेतकरी फराळाला बसला होता. आमचा दोस्त धावतच गेला.

"सर्जा कसा हाय?"

"सर्जा? त्यानं आमच्या खोंडाला सरळ चालाया शिकवलं. मला मातुर बादली उचलाया लावली! हौदाजवळ येतच न्हाई. पान्यापासून चार हात लांब उभा ऱ्हातो. मंग काय, बादलीनं पाजतो."

"मारत तर न्हाई ना?"

"मारू कशाला? तूच तर सांगितलं व्हतंस."

आबांनी समाधीकडे बघून हात जोडले. तीन हजार रुपये म्हणजे त्यांच्या घरी किती दिवसांचं मीठ-मिरचीचं, ते मला ठाऊक आहे. तुमच्या आई-बाबांनाही त्याचा अंदाज येईल. ते पैसे परत आले नाहीत. उचल फेडताना ते ऊस तोडूनच फेडावे लागणार होते. कारखान्यावर गेलेल्या मुलाला आबांनी फोनवर सगळं सांगितलं, तेव्हा तो आधी चिडला आणि मग, "बरं झालं," एवढंच म्हणाला, असं आबांनी मला नंतर सांगितलं.

परवा मी वर्गात गणिताच्या वह्या तपासत होतो. भागाकाराची दहा उदाहरणं दिली होती. आमच्या दोस्ताच्या वहीत नऊ सोडवलेली होती. दहाव्याभोवती पेन्सिलीनं एक मोठा गोल काढला होता आणि आत काहीच लिहिलं नव्हतं.

"हे काय रे?" मी विचारलं.

"हे मला आलं न्हाई सर," तो म्हणाला. "शेजारच्याचं बघून लिवणार व्हतो. मंग म्हनलं, गोलच करावा."

मी खडू घेतला आणि फळ्यावर ते दहावं उदाहरण लिहिलं.